उन्हातून आलेली सावली

मराठी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत एक शब्द कित्येक दशकं दिसतो आहे: छायालेखन. इंग्रजी ‘सिनेमॅटोग्राफी’ या शब्दाच्या मुळाशी हालचाल आहे, आपल्या शब्दाच्या मुळाशी छाया. ज्यानं कोणी तो रूढ केला, त्यानं कॅमेऱ्यामागच्या माणसाचं खरं काम ओळखलं होतं असं मला नेहमी वाटतं. आणि ही छाया मराठीत भीतीची नाही. वाटसरू वडाच्या सावलीत टेकतो, थोरल्यांच्या छत्रछायेत घर वाढतं, उन्हातून आलेल्याला आपण आधी सावलीत बसवतो. भीती सांगायची असते तेव्हा आपण सावट म्हणतो, अंधार म्हणतो. सावली म्हणत नाही.

जोसेफ विर्शिंग यांच्यावरच्या या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला बसलो, तेव्हा सावली आणि अंधार यांतला हा फरक सारखा आठवत राहिला. कारण विर्शिंग यांच्याविषयी आजवर जे बोललं गेलं, त्यात अंधारच फार आहे.

विर्शिंग यांचा जन्म २२ मार्च १९०३ रोजी म्युनिकमध्ये झाला आणि ११ जून १९६७ रोजी मुंबईत ते वारले. जर्मन उच्चार योसेफ; मालाडला आल्यावर ते जोसेफ झाले. ‘अछूत कन्या’, ‘कंगन’, ‘महल’, ‘दिल अपना और प्रीत पराई’, ‘पाकीज़ा’ हे सिनेमे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी विर्शिंग यांच्या डोळ्यांनी पाहिलं आहे, भले नाव ठाऊक नसेल. ज्यांना नाव ठाऊक आहे ते एका दमात सांगतात की जर्मन एक्स्प्रेशनिझम हिंदी सिनेमात आणणारा हा माणूस: लांबलचक काळ्या सावल्या, तिरपे कोन, भेदरलेले चेहरे. वाक्य सोपं आहे, लक्षात राहतं, आणि मीही ते बरीच वर्षं खरं धरून चाललो. आता मला ते खरं वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

सुरुवात गावापासून करू. जर्मन मूकपट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बर्लिन येतं. ‘डॉक्टर कॅलिगरी’ बर्लिनच्या व्हाइसेनझे भागातल्या स्टुडिओत चित्रित झाला आणि १९२० मध्ये पडद्यावर आला. त्याचे छायालेखक होते विली हामाइस्टर. त्या सिनेमात सावल्या चक्क रंगवलेल्या आहेत. भिंतींवर, जमिनीवर, कापडी पडद्यांवर रंगाऱ्यांनी काळे-पांढरे पट्टे ओढले. उजेड कुठून येतो हे विचारायची सोय त्यात नाही, कारण उजेडसुद्धा चित्रातलाच आहे. पुढे कार्ल फ्राउंड, फ्रिट्स आर्नो वाग्नर, कार्ल होफमान यांनी दिव्यांनी तसाच अंधार रचला आणि जगभर नाव कमावलं. ही बर्लिनची शाळा.

विर्शिंग त्या शाळेतले नाहीत. ते तयार झाले म्युनिकच्या एमेल्का कंपनीत. पीटर ओस्टरमायर यांनी ती १९१९ मध्ये काढली आणि शहराच्या दक्षिणेला गायझलगास्टाइग इथे तिचा स्टुडिओ उभा राहिला. पुढे त्यालाच बव्हेरिया स्टुडिओ म्हणू लागले. तरुण हिचकॉक १९२५ मध्ये आपल्या पहिल्या पुऱ्या चित्रपटासाठी तिथेच काम करत होता. म्युनिकच्या पलीकडे आल्प्सचे डोंगर, तळी, कुरणं, लाकडी घरं. तिथल्या सिनेमांतही हे सगळं होतं: खेडी, शेतकरी, डोंगरावरचं ऊन. बर्लिनच्या रसिकांना म्युनिकचे सिनेमे गावंढळ वाटत. एका अर्थी ते होतेही. पण त्या गावंढळपणात कॅमेरामनला एक शिकवण मिळत होती: ऊन कसं वाचायचं, ढग सरकेपर्यंत कसं थांबायचं, बर्फावरून उडालेली चकाकी चेहऱ्यावर कशी घ्यायची.

ही शिकवण कामी आली हिंदुस्थानात. हिमांशु राय यांना बुद्धाच्या चरित्रावर चित्रपट करायचा होता, त्यासाठी ते म्युनिकला एमेल्काच्या दारात उभे राहिले. कथा निरंजन पाल यांची, आधार एडविन अर्नोल्ड यांच्या काव्याचा. भांडवल आणि नट भारतातून, दिग्दर्शक आणि कॅमेरे म्युनिकहून असा बेत ठरला. दिग्दर्शक होते फ्रान्स ओस्टेन, पीटर ओस्टरमायर यांचे सख्खे भाऊ. कॅमेऱ्यावर दोघं: विली कीरमायर आणि जोसेफ विर्शिंग. १९२५ च्या वसंतात ही मंडळी हिंदुस्थानात आली. विर्शिंग यांना नुकतं बाविसावं वर्ष पूर्ण झालं होतं.

या चित्रपटाचं भारतातलं नाव ‘प्रेम संन्यास’. त्याच्या सुरुवातीलाच पाटी येते, तिचा आशय असा: या चित्रपटात स्टुडिओतले सेट नाहीत, कृत्रिम दिवे नाहीत, बनावट सामान नाही आणि रंगभूषाही नाही. जाहिरातीचा भाग वजा केला तरी ती पाटी मला फार महत्त्वाची वाटते. जयपूरच्या महाराजांनी महाल, हत्ती, घोडे, माणसं मोकळ्या हातानं दिली, पण महालात वीज नेऊन दिवे लावणं नव्हतं. चौक, गच्च्या, सज्जे, जाळीच्या खिडक्या, आणि वर राजस्थानचं ऊन. एवढ्यात सगळं भागवायचं.

त्या काळची फिल्म काय चीज होती हे इथे सांगायला हवं. मूकपटांच्या जमान्यात सर्रास वापरली जाणारी फिल्म निळ्या-हिरव्या रंगांना जागी असे, पण लाल रंग तिला जवळपास दिसतच नसे. लाल ओठ काळे पडत. निळं आकाश पांढरंफेक होई. आणि आपली सावळी, गव्हाळ कातडी, जिच्यात लाल-पिवळ्याचा अंश असतो, ती पडद्यावर होती त्यापेक्षा दोन छटा काळी उतरे. म्हणून तर त्या काळचे नट तोंडाला पिठासारखा पांढरा लेप लावत. रंगभूषेशिवाय, दिव्यांशिवाय, भर उन्हात सावळे चेहरे टिपायचे, तर एकच रस्ता उरतो. ऊन सरळ चेहऱ्यावर घ्यायचं नाही. माणसाला सावलीच्या कडेला उभं करायचं, ऊन पाठीवर, खांद्यावर, केसांवर येऊ द्यायचं, आणि चंदेरी वर्खाच्या फळ्यांनी तेच ऊन परतवून चेहऱ्यावर हलकंसं सोडायचं. डोळे मिटत नाहीत, कपाळ चमकत नाही, चेहऱ्याचा उंचसखलपणा दिसतो.

बाविसाव्या वर्षी एखाद्याच्या हाताला जे वळण लागतं ते सहसा जात नाही. विर्शिंग यांच्या पुढच्या कामात मला जयपूरचा तो सज्जा सारखा दिसतो. कडेला ऊन, मध्ये सावली, आणि सावलीत उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर कुठून तरी परतून आलेला उजेड. पुस्तकाच्या पहिल्या भागात ‘प्रेम संन्यास’मधल्या चौकटींचं जे बारकाईनं वाचन केलं आहे, ते याच दृष्टीनं पाहावं अशी माझी वाचकांना विनंती आहे. त्यातली सीता देवी किंवा स्वतः हिमांशु राय यांचे प्रवेश पाहा. भीती कुठेच नाही. दुपार आहे.

नऊ वर्षांनी, १९३४ मध्ये, राय आणि देविका राणी यांनी मालाडला बॉम्बे टॉकीजची स्थापना केली. मालाड तेव्हा मुंबईबाहेर, ताडामाडांच्या मधलं गाव. फ. ए. दिनशा यांच्या तिथल्या इस्टेटीवर स्टुडिओ बसला. ध्वनिबंद सेट, स्वतःची प्रयोगशाळा, पगारी कलाकार आणि पगारी तंत्रज्ञ असा सगळा कारखाना राय यांनी पद्धतशीर उभारला. म्युनिकहून ओस्टेन आले, विर्शिंग आले; नेपथ्याला कार्ल फॉन श्प्रेती, प्रयोगशाळेला विल्हेल्म झोले; ध्वनीला इंग्लंडचे लेन हार्टली. १९३५ च्या ‘जवानी की हवा’पासून १९३९ च्या सप्टेंबरपर्यंत, म्हणजे चारेक वर्षांत, ओस्टेन यांनी इथे पंधराहून अधिक चित्रपट केले आणि त्यांच्या कॅमेऱ्यामागे विर्शिंग होते. या वेगाची कल्पना करून पाहा. वर्षाला चार बोलपट. कॅमेऱ्याची घरघर ध्वनीत येऊ द्यायची नाही, बंद दारं, पंखा बंद, वर तापलेले दिवे, आणि बाहेर मालाडचा मे महिना.

इथे विर्शिंग यांना ऊन मिळेना. ते त्यांना दिव्यांतून घडवावं लागलं. ‘अछूत कन्या’मध्ये अशोककुमार आणि देविका राणी झाडाच्या फांदीवर बसून गातात तो प्रसंग आठवा. झाडाखालच्या उजेडाचे कवडसे ज्यानं खेड्यात पाहिले आहेत, त्याला त्या दृश्यात खटकणार नाही. रेल्वे फाटकावरची ती झोपडी, फाटकवाल्याच्या मुलीचं, कस्तुरीचं घर, तिथेही उजेड दारातून येतो, कंदिलातून येतो. कुठून येतो ते आपल्याला कळतं, आणि म्हणून त्या घरावर विश्वास बसतो. देविका राणींचा चेहरा मात्र या सगळ्यातून वेगळा काढलेला आहे, उजळ, मऊ, मागून केसांना उजेडाची कड. गावातली अस्पृश्य मुलगी अशी दिसेल का, हा प्रश्न त्या काळीही विचारता आला असता आणि आजही विचारायलाच हवा. माझ्या मते तो विर्शिंग यांच्या कामातला खरा दोष आहे. कारखान्याला तारका हवी होती आणि त्यांनी ती दिली. कस्तुरीचं घर खरं वाटतं, कस्तुरी स्वतः तितकी वाटत नाही.

हे नीट कळायचं तर त्याच वर्षी, १९३६ मध्ये, पुण्यात काय चाललं होतं ते पाहावं. प्रभातचा ‘संत तुकाराम’. दिग्दर्शन दामले-फत्तेलाल यांचं, छायालेखन व्ही. अवधूत यांचं. तिथे विष्णुपंत पागनीस यांच्या चेहऱ्याला उजेडाची कड नाही की मऊपणा नाही; देहूचं आभाळ जसं सगळ्यांवर सारखं असतं तसा उजेड तुकोबांवरही आहे आणि आवलीवरही आहे. गौरीची आवली तर उन्हात रापलेलीच दिसते. मालाडच्या दिव्यांत कसब जास्त आहे, पुण्याच्या आभाळात खरेपणा जास्त आहे. दोन्ही चित्रपट एकापाठोपाठ पाहिल्याशिवाय त्या वर्षाचा भारतीय सिनेमा समजत नाही, असं माझं ठाम मत आहे.

तारकेच्या चेहऱ्याचा हा आग्रह विर्शिंग यांनी पुढे सैल केला, निदान एका मराठी बाईसाठी तरी. लीला चिटणीस मराठी रंगभूमीवरून आलेल्या, शिकलेल्या, तिशीच्या उंबरठ्यावरच्या. ‘कंगन’मध्ये त्या अशोककुमारांबरोबर नायिका झाल्या आणि देविका राणींच्या कारखान्यात एक निराळा चेहरा आला. लीलाबाईंच्या चेहऱ्यात घरगुती शांतपणा होता. विर्शिंग यांनी त्याला झळाळी चढवण्याचा अट्टहास केला नाही. डोळ्यांखालची किंचित सावली राहू दिली. ‘कंगन’ने लीलाबाईंचं आयुष्य बदललं. पुढे ‘चंदेरी दुनियेत’ हे आत्मचरित्र त्यांनी लिहिलं, ते मराठी वाचकांना ठाऊक आहेच.

‘कंगन’चं काम चालू असतानाच युद्ध आलं. ३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटननं जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि हिंदुस्थानातले जर्मन नागरिक रातोरात शत्रू ठरले. मालाडच्या जर्मन तंत्रज्ञांना, विर्शिंग यांनाही, सरकारनं स्थानबद्ध केलं. त्या काळात पश्चिम हिंदुस्थानातल्या जर्मनांना आधी अहमदनगरला नेत, पुढे पुष्कळांना देहरादूनच्या मोठ्या छावणीत धाडत. कुटुंबवाल्यांसाठी सातारा, पुरंदर अशी ठिकाणं होती. सातारकरांच्या जुन्या पिढीला गावातले ते गोरे नजरकैदी आठवत. ओस्टेन साठी ओलांडलेले होते, त्यांना १९४० मध्ये मायदेशी जाऊ दिलं. ओस्टेन १९३६ मध्येच नाझी पक्षाचे सभासद झाले होते, हे इथे नोंदवायला हवं. या पुस्तकात त्याविषयी आडपडदा ठेवलेला नाही. पण ते खातं ओस्टेन यांचं आहे, त्याची बाकी सहकाऱ्याच्या नावावर लिहिणं योग्य नाही.

हिमांशु राय १९४० मध्ये गेले. मालाडचं काम मात्र थांबलं नाही, आणि हाच माझ्या दृष्टीनं विर्शिंग यांच्या शिक्षकपणाचा पुरावा आहे. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं कॅमेऱ्यावर उभी राहिली. आर. डी. परींजा यांनी १९४३ चा ‘किस्मत’ चित्रित केला आणि तो कलकत्त्यात वर्षानुवर्षं चालला. गुरू कुंपणाच्या आत आणि शिष्याचं चित्र थिएटरात. विर्शिंग यांच्या वयाची छत्तिशी ते चाळिशी, कॅमेरामनच्या हाताला सगळ्यात जास्त कस असतो ती वर्षं, अशी गेली. त्या न काढलेल्या चित्रपटांचा विचार मनात आला की मला अजून हळहळ वाटते.

सुटका झाल्यावर म्युनिकला परतता आलं असतं. बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेलं का असेना, शहर त्यांचं होतं. ते मुंबईत राहिले. आणि मग आला ‘महल’.

१९४९ चा ‘महल’. कमाल अमरोही यांचं पहिलं दिग्दर्शन, संकलन बिमल रॉय यांचं, संगीत खेमचंद प्रकाश यांचं, नायक अशोककुमार आणि सोळा वर्षांची मधुबाला. अलाहाबादला यमुनेकाठचा ओसाड वाडा, भिंतीवर नायकासारख्याच दिसणाऱ्या माणसाची तसबीर, रात्रीचे दोन वाजतात आणि कुठून तरी आवाज येतो. विर्शिंग यांना एक्स्प्रेशनिस्ट ठरवणारे सगळे पुरावे या एकाच चित्रपटातून उचलतात, आणि मान्य करायला हवं की इथे त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. ‘महल’मध्ये अंधार आहे, दाट आहे.

पण झोपाळ्यावरचं ते गाणं पुन्हा पाहा. लताबाईंचा आवाज लांबून जवळ येतो, तसा उजेडही लांबून जवळ येतो. अशोककुमार खांबांच्या, कमानींच्या आडून चालतात. प्रत्येक कमान अंधाराची आणि दोन कमानींमधली जागा उजेडाची. झुंबर हलतं. आणि झोपाळ्यावर ती. कॅलिगरीच्या जगात असा प्रसंग आला असता तर ती स्त्री अंधारात असती आणि नायक उजेडात भेदरलेला. इथे उलट आहे. बोलावणारी उजेडात आहे, जाणारा सावलीतून जातो आहे. जयपूरच्या सज्ज्यातली तीच रचना, फक्त दुपारची मध्यरात्र झाली आहे. त्या दृश्यात माणूस घाबरून खिळत नाही, ओढला जातो. ओढ ही भावना म्युनिकहून आलेल्या कॅमेऱ्यानं अशी काही दाखवली, की भूतबंगला आणि विरहगीत यांचं लग्न हिंदी सिनेमात कायमचं लागून गेलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांतले कितीतरी चित्रपट याच वाड्याच्या ओसरीवरून गेले आहेत.

बॉम्बे टॉकीज पन्नासच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत बंद पडली. विर्शिंग अमरोहींबरोबर राहिले. अमरोहींनी निर्मिलेला आणि किशोर साहू यांनी दिग्दर्शित केलेला ‘दिल अपना और प्रीत पराई’ १९६० मध्ये आला. ‘महल’च्या कौतुकात त्याच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. गोष्ट इस्पितळातली: राज कुमार डॉक्टर, मीनाकुमारी नर्स. म्हणजे पांढऱ्या भिंती, पांढऱ्या चादरी, पांढरे कोट आणि त्यात पांढऱ्या गणवेशातली नायिका. कृष्णधवल चित्रीकरणात पांढऱ्यावर पांढरं ठेवणं हे काळ्यावर काळं ठेवण्यापेक्षा अवघड. जरा उजेड वाढला की कापड पेटल्यासारखं दिसतं आणि चेहरा मातीमोल होतो. विर्शिंग यांनी पांढऱ्याच्या इतक्या पायऱ्या पाडल्या आहेत की मीनाकुमारींच्या टोपीची घडीसुद्धा वाचता येते. अंधाराचा कलावंत म्हटल्या जाणाऱ्याचं हे काम. माझ्यापुरतं विचाराल तर त्यांच्या कसबाचा कळस ‘महल’ नाही, हा चित्रपट आहे.

‘पाकीज़ा’विषयी पुस्तकात स्वतंत्र आणि मोठा भाग आहे, म्हणून इथे थोडकंच. पन्नासच्या दशकात कृष्णधवल म्हणून सुरू झालेला हा चित्रपट आधी रंगीत झाला, मग रुंद पडद्यावर, सिनेमास्कोपमध्ये गेला. चाळीस वर्षं राखाडी छटांत विचार केलेल्या माणसाला साठीच्या आसपास लाल, सोनेरी, हिरव्यात विचार करायला लागला. आणि त्यांनी केला. कोठ्यावरचं नृत्य चालू असताना मागे दूरवर रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या कोठ्यांतही नाचणाऱ्या बायका दिसत राहतात, छोट्या, उजळ, खिडकीखिडकीत एकेक. पुढे नायिका साहिबजान, मागे तिच्यासारख्याच किती जणी. संवादातलं एक वाक्यही न खर्चता सगळी कहाणी सांगणारी ती खोली आहे. अमरोही आणि मीनाकुमारी वेगळे झाले, काम अडलं, वर्षं गेली. चित्रपट पुन्हा सुरू होण्याआधीच, १९६७ च्या जूनमध्ये, विर्शिंग गेले. उरलेलं काम इतर छायालेखकांनी पुरं केलं. ४ फेब्रुवारी १९७२ रोजी ‘पाकीज़ा’ लागला तेव्हा पडद्यावर छायालेखक म्हणून नाव त्यांचंच होतं. मागून आलेल्यांनी त्या नावाचा मान राखला ही गोष्ट मला मोलाची वाटते. आठवड्याभराच्या कामासाठीही पाटीवर नाव मागणारा हा धंदा आहे.

शेवटी छायाचित्रांविषयी, कारण हे पुस्तक मुख्यतः त्यांच्याच बळावर उभं आहे. चित्रीकरण थांबलं की विर्शिंग हातातल्या छोट्या कॅमेऱ्यानं स्थिरचित्रं काढत. सेटवरची, सेटबाहेरची, चहाच्या वेळची, प्रवासातली. कुटुंबीयांनी ती हजारो चित्रं सांभाळली, आणि २०१७ च्या डिसेंबरात गोव्यात सेरेंडिपिटी कला महोत्सवात त्यांतली निवडक प्रदर्शनात मांडली गेली. बॉम्बे टॉकीजचे कित्येक चित्रपट आता धड पाहायला मिळत नाहीत, ज्यांच्या प्रती उरल्या त्या ओरखड्यांनी भरलेल्या, धुरकट. मालाड पश्चिमेला ‘बॉम्बे टॉकीज कंपाउंड’ हे नाव टिकून आहे, स्टुडिओ टिकलेला नाही. अशा वेळी ती स्थिरचित्रं हीच त्या उजेडाची सगळ्यात स्वच्छ साक्ष आहे. त्यांत नटांइतकीच कामगार माणसं आहेत, हे विसरू नये. चौकटीच्या बाहेर जे राहतं तेच विर्शिंग यांनी मुद्दाम चौकटीत घेतलं.

वाचकांना एक सुचवतो. पहिलं प्रकरण उघडण्याआधी ‘महल’ची मिळेल ती चांगली प्रत मिळवा, खोलीतले दिवे मालवा, आणि झोपाळ्याचं गाणं एकदा आवाज पूर्ण बंद करून पाहा. उजेड कुठून येतो आहे तेवढंच शोधा. मग आवाज सुरू करून पुन्हा पाहा.